विश्लेषण : शिरूर-दौंडच्या मुलांना हार्ट सर्जन व्हायचं असेल तर? वाट किती लांब, खर्च कुठे आणि जागा रिकाम्या का?

'नीट'चा निकाल लागला की शिरूर, शिक्रापूर, दौंड, केडगाव, यवत अशा गावांत दरवर्षी एकच चर्चा सुरू होते : किती मार्क पडले, सरकारी कॉलेज मिळेल का? २०२५ मध्ये ही परीक्षा देशभरातल्या २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. त्यांच्यातल्या अनेकांना 'पुढे काय व्हायचंय' असं विचारलं, तर उत्तर येतं, 'हार्ट सर्जन'.

आता याच साखळीचं दुसरं टोक पाहू. एमबीबीएसच्या जागा वाढत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकाच वेळी दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. पण देशात अतिविशेष शाखांच्या जागा मात्र भरत नाहीत. एक हजारावर अशा जागा रिकाम्या राहिल्याचा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जागा रिकाम्या राहता कामा नयेत, असं न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सुनावलं. या रिकाम्या जागांमध्ये सातत्याने दिसणारी एक शाखा म्हणजे हृदय व छातीची शस्त्रक्रिया.

बारावीत लाखोंना हवं असणारं काम दहा वर्षांनी नकोसं का होतं? शिरूर-दौंडच्या घरातून या वाटेला लागायचं असेल, तर कोणता निर्णय कधी घ्यायचा?

'हार्टचा डॉक्टर' म्हणजे नेमका कोण?

आपल्याकडे 'हार्टचा डॉक्टर' या एका शब्दात दोन वेगळे डॉक्टर येतात. पहिला हृदयरोगतज्ज्ञ, म्हणजे कार्डिओलॉजिस्ट. तो औषधं देतो, टूडी एको करतो, मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी करतो, स्टेंट टाकतो. त्याची वाट एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन आणि त्यानंतर डीएम कार्डिओलॉजी अशी असते.

दुसरा हृदय व छातीचा शल्यचिकित्सक. बायपास करणं, खराब झालेला व्हॉल्व्ह बदलणं, बाळाच्या हृदयातलं छिद्र बुजवणं, फुगलेली महाधमनी दुरुस्त करणं ही त्याची कामं. भारतात हृदय आणि छाती या दोन्हींचं प्रशिक्षण साधारणपणे एकाच पदवीत मिळतं. त्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग, क्षयानंतर फुप्फुसाभोवती साचलेला पू, अपघातात बरगड्या मोडून छातीत झालेला रक्तस्राव हेही त्याच्याकडे येतं. मेंढ्या आणि कुत्र्यांच्या सहवासातून होणाऱ्या हायडॅटिड आजारात फुप्फुसात पाण्याची गाठ तयार होते. तीही हाच सर्जन काढतो.

या वाटेवर किती वर्षं जातात?

एमबीबीएस साडेपाच वर्षांचं असतं. त्यात एका वर्षाची इंटर्नशिप येते. त्यानंतर 'नीट-पीजी' देऊन एमएस जनरल सर्जरी, तीन वर्षं. मग 'नीट-एसएस' देऊन एमसीएच किंवा त्याला समकक्ष डीआरएनबी, आणखी तीन वर्षं. अठराव्या वर्षी सुरुवात केली आणि एकही प्रयत्न वाया गेला नाही, तरी शिक्षण संपताना वय साडेएकोणतीस होतं.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात 'नीट'साठी एखादं वर्ष जास्तीचं जातं, 'नीट-पीजी'साठीही जातं. त्यात सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांसाठी सामाजिक दायित्व सेवा असते. पदवी, पदव्युत्तर आणि अतिविशेष या तिन्ही टप्प्यांवर साधारण एकेका वर्षाची सेवा धरली, तर हिशोब साडेबत्तिसावर जातो. पदवी हातात आल्यावर कुणी लगेच स्वतंत्रपणे बायपास करत नाही. ज्येष्ठ सर्जनसोबत काही वर्षं उभं राहून हात तयार होतो. म्हणजे स्वतःच्या नावावर रुग्ण येईपर्यंत पस्तिशी येते.

आणखी एक मार्ग आहे, त्याची माहिती कमी जणांना असते. एमबीबीएसनंतर 'नीट-पीजी'च्याच गुणांवर थेट सहा वर्षांच्या डीआरएनबी अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येतो. त्यात मधली 'नीट-एसएस' परीक्षा वाचते. मात्र चोविसाव्या वर्षीच 'मला हेच करायचंय' हे पक्कं असावं लागतं. आधी एमएस केलं, तर जनरल सर्जन म्हणून थांबण्याची सोय राहते.

मग बारावीला ठरवायचं काय?

या वर्षांकडे नीट पाहिलं तर लक्षात येईल, की हार्ट सर्जन व्हायचं हा एक निर्णय नाही. तो तीनदा घ्यावा लागतो. अठराव्या वर्षी एमबीबीएसचा, चोविसाच्या आसपास सर्जरीचा आणि सत्ताविसाच्या पुढे हृदयाचा. पहिल्या टप्प्यावर सगळ्यांची वाट सारखीच असते. पुढे नेत्रतज्ज्ञ होणारा आणि पुढे बायपास करणारा एकाच वर्गात बसतात.

त्यामुळे बारावीला घरच्यांनी खरं म्हणजे पैशांचं ठरवायचं असतं. एमबीबीएस कुठून करायचं? सरकारी महाविद्यालयात शुल्क तुलनेने कमी असतं. खासगी आणि अभिमत विद्यापीठांत ते दर वर्षी कित्येक लाखांत जातं. शेत विकून किंवा मोठं कर्ज काढून एमबीबीएस केलं, तर पदवी मिळताच हप्ते सुरू होतात. अशा घरातल्या मुलाला पस्तिशीपर्यंत वाट पाहणारी शाखा परवडत नाही. तो लवकर कमाई देणाऱ्या शाखेकडे वळतो. हार्ट सर्जन होण्याची शक्यता अनेकदा अशा प्रकारे पहिल्याच फॉर्मवर कमी होते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. पुण्यातलं बी. जे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं ससून रुग्णालय दोन्ही तालुक्यांना माहीत आहे. २०१९ पासून बारामतीतही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. दौंडहून बारामतीला थेट रेल्वेमार्ग असल्यामुळे त्या भागातल्या मुलांना ते जवळचं आहे.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट नक्की तपासावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतला. अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला वेळेत काढला नाही म्हणून ही सवलत हातची जाऊ नये. ते काम 'नीट'च्या निकालाआधीच उरकलेलं बरं.

पुढच्या टप्प्यांवर चित्र थोडं बदलतं. इंटर्नशिप, एमएस आणि एमसीएच करताना निवासी डॉक्टरांना विद्यावेतन मिळतं. सरकारी संस्थेत शिकणाऱ्याचा रोजचा खर्च त्यात भागू शकतो. जुनं कर्ज फेडायला मात्र ते पुरत नाही.

जागा रिकाम्या का राहतात?

वर्षांची संख्या हे एक कारण झालं. पण डीएम कार्डिओलॉजीलाही तेवढीच वर्षं लागतात आणि तिथे मात्र चुरस असते. तेव्हा कारणं आणखीही आहेत.

पहिलं कारण तंत्रज्ञानाचं. १९७७ मध्ये झुरिचमध्ये आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी फुग्याने हृदयाची रक्तवाहिनी उघडून दाखवली आणि अँजिओप्लास्टीचं युग सुरू झालं. ज्यांच्यासाठी पूर्वी बायपास हाच उपाय होता, त्यांतल्या अनेकांचं काम आता स्टेंटवर भागतं. २००२ मध्ये फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, नळीतून महाधमनीचा व्हॉल्व्ह बसवला. हे काम मुख्यतः कार्डिओलॉजिस्टच्या हातात आहे. साहजिकच 'सर्जनला पुढे काम उरेल का' ही शंका तरुण डॉक्टरांच्या मनात असते.

काम संपलेलं नाही. तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत अडथळे असतील, सोबत मधुमेह असेल, तर बायपासच जास्त काळ टिकतो. नवजात बाळांमध्ये दर हजारी सुमारे आठ जणांना जन्मजात हृदयदोष असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना शस्त्रक्रिया लागते. पण सोपे रुग्ण स्टेंटकडे गेल्यामुळे सर्जनकडे येणारे रुग्ण अधिक वयस्कर आणि अधिक गुंतागुंतीचे असतात. धोका वाढला, ताण वाढला.

दुसरं कारण कमाईच्या रचनेचं. त्वचारोगतज्ज्ञ किंवा नेत्रतज्ज्ञ तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत दवाखाना थाटू शकतो. हार्ट सर्जनला ते शक्य नाही. त्याला आयुष्यभर एखाद्या मोठ्या रुग्णालयात पगारावर किंवा ठरलेल्या वाट्यावर काम करावं लागतं. त्याच्याकडे रुग्ण येतो तोही बहुतेक वेळा कार्डिओलॉजिस्टने पाठवल्यावर.

तिसरं कारण कामाचं स्वरूप. एक बायपास चार ते सहा तास चालतो. त्यानंतरची पहिली रात्र महत्त्वाची असते. रक्तस्राव थांबला नाही, तर पहाटे तीन वाजता पुन्हा छाती उघडावी लागते. तिशीत लग्न, मुलं, आई-वडिलांची आजारपणं हे सगळं याच वर्षांत येतं. या शाखेत स्त्रिया कमी दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

शिकून शिरूर किंवा दौंडला परत येता येईल का?

'डॉक्टर होऊन गावाची सेवा करीन' हे वाक्य दहावी-बारावीच्या सत्कार समारंभात हमखास ऐकू येतं. इथे स्पष्ट बोलायला हवं. हार्ट सर्जन झालेला मुलगा किंवा मुलगी तालुक्याच्या गावी रोज शस्त्रक्रिया करू शकणार नाही.

१९५३ मध्ये अमेरिकेत जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. हृदय थांबवायचं, तोवर शरीराला रक्त आणि प्राणवायू या यंत्राने पुरवायचा, ही पद्धत आजही कायम आहे. हे यंत्र चालवायला पर्फ्युजनिस्ट लागतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ लागतो. आयसीयूत रात्रंदिवस तयार परिचारिका, रक्तपेढी, कॅथलॅब लागते. भारतात अनेक बायपास धडधडत्या हृदयावर, यंत्राविना होतात. पण तिथेही यंत्र आणि पर्फ्युजनिस्ट शेजारी तयार ठेवावेच लागतात. शिवाय अशा पथकाचा हात चालू राहायला रुग्णही सतत हवेत. महिन्यातून दोन शस्त्रक्रिया करणारं केंद्र रुग्णासाठी सुरक्षित नसतं.

महाराष्ट्राचा इतिहासही हेच सांगतो. १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. सर्जनचं कौशल्य होतं, पण शरीराने नवं हृदय नाकारू नये यासाठीची प्रभावी औषधं नव्हती, मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदाही नव्हता. कायदा १९९४ मध्ये झाला. मुंबईत यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडला. डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने मुलुंडमध्ये ते केलं आणि त्यासाठीचं हृदय पुण्याहून आलं होतं. मधल्या ४७ वर्षांत महाराष्ट्रात सर्जनची कमतरता नव्हती. कायदा, औषधं, अवयवदानाची यंत्रणा आणि वाहतूक हे सगळं जुळून यायला तेवढा वेळ लागला.

डॉ. नितू मांडके यांचं उदाहरणही बोलकं आहे. पुण्याच्या बी. जे. महाविद्यालयात शिकलेले मांडके बाळासाहेब ठाकरे यांच्यावरच्या बायपासमुळे घराघरांत पोहोचले. पण त्यांची कारकीर्द घडली मुंबईत. अंधेरीत मोठं रुग्णालय उभारण्याचं त्यांचं काम अर्धवट असतानाच २००३ मध्ये हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. तेच रुग्णालय पुढे दुसऱ्या उद्योगसमूहाच्या हाती जाऊन कोकिलाबेन अंबानी रुग्णालय म्हणून २००९ मध्ये सुरू झालं. इतक्या नावाजलेल्या सर्जनलाही संस्थेशिवाय काम करता येत नाही.

मग तालुक्याच्या रुग्णांचं काय?

शिरूर पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर, दौंड साधारण ७५ ते ८० किलोमीटरवर. नगर रस्त्यावर रांजणगावपासून वाघोलीपर्यंत कंपन्यांच्या बस आणि ट्रेलरची गर्दी असते, ती शिरूरकरांना सांगायला नको. अचानक हृदयविकाराचा झटका आला तर हे अंतर जीवघेणं ठरू शकतं.

पण त्या क्षणी लागतो तो सर्जन नव्हे. झटक्यात पहिलं काम ईसीजीचं असतं. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं आणि मग रुग्ण पुढे हलवावा, ही जगभर मान्य पद्धत आहे. शिरूरचं ग्रामीण रुग्णालय, दौंडचं उपजिल्हा रुग्णालय, यवत-न्हावरे इथली रुग्णालयं आणि १०८ रुग्णवाहिका यांचं महत्त्व इथे आहे. ईसीजी वाचू शकणारा आणि इंजेक्शनचा निर्णय घेऊ शकणारा एमबीबीएस डॉक्टर त्या तासाला हार्ट सर्जनपेक्षा अधिक उपयोगी असतो. छातीत साचलेलं रक्त किंवा हवा नळी घालून काढणं हेही प्रशिक्षित एमबीबीएस किंवा जनरल सर्जन करू शकतो. महामार्गावरच्या अपघातात त्यानेच जीव वाचतो.

बायपास किंवा व्हॉल्व्हची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा ठरवून, तारीख घेऊन होते. तिथे अंतरापेक्षा पैसा आणि वेळेवर निदान हे प्रश्न मोठे असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रिया येतात. विमा संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली आहे. लहान मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथकं अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन मुलं तपासतात. हृदयदोष सापडला तर पुढची शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते.

घशाच्या वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गातून संधिवाताचा ताप आणि त्यातून व्हॉल्व्ह खराब होणं, हा दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब वस्त्यांचा आजार आहे. वेळेत ओळखला तर दर तीन आठवड्यांच्या पेनिसिलिनने पुढची शस्त्रक्रिया टळू शकते. आणि धातूचा व्हॉल्व्ह बसलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते, 'पीटी-आयएनआर' तपासत राहावं लागतं. पुण्यात झालेली शस्त्रक्रिया टिकते की नाही, हे पुढे अनेक वर्षं तालुक्याच्या गावातच ठरतं.

याच क्षेत्रात आणखी कोणत्या वाटा आहेत?

शस्त्रक्रियागृहात सर्जनभोवती जी माणसं असतात, त्यांच्या वाटा तुलनेने कमी लांबीच्या आहेत. पर्फ्युजन टेक्नॉलॉजीच्या पदवीला बारावी विज्ञाननंतर प्रवेश घेता येतो. कॅथलॅब आणि एको तंत्रज्ञ, अतिदक्षता विभागातली बीएस्सी नर्सिंग झालेली परिचारिका, एमबीबीएसनंतर भूलशास्त्र किंवा आपत्कालीन वैद्यकशास्त्रात एमडी, हे सगळे हृदयावर उपचार करणाऱ्या पथकाचा भाग आहेत. 'नीट'मध्ये थोडक्यात हुकलेल्या मुलासाठी कर्ज काढून महागडं एमबीबीएस करणं हाच एक उपाय नसतो.

फॉर्म भरण्याआधी काय तपासावं?

पहिलं म्हणजे, एमबीबीएस संपताना घरावर किती कर्ज असेल याचा आकडा कागदावर मांडावा आणि तो पुढची सहा-सात वर्षं फक्त विद्यावेतनावर पेलेल का, ते पाहावं. दुसरं, त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या सामाजिक दायित्व सेवेच्या अटी सही करण्याआधी वाचाव्यात, कारण त्या बदलत असतात. तिसरं, हार्ट सर्जनच व्हायचं हा हट्ट अठराव्या वर्षी धरू नये आणि सोडूही नये. एमबीबीएसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी शस्त्रक्रियागृहात उभं राहिल्यावर आणि इंटर्नशिपमध्ये सर्जरीच्या रात्रपाळ्या केल्यावर स्वतःचं उत्तर बऱ्यापैकी कळतं.

आणि ज्याला ते उत्तर 'हो' असं मिळेल, त्याच्यासाठी आजची परिस्थिती अनुकूल आहे. जागा आहेत, स्पर्धा कमी आहे आणि रुग्ण कमी होणार नाहीत. तो पुण्यात किंवा मुंबईत काम करेल. शिरूर-दौंडचा रुग्ण त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचावा, यासाठी त्याच्याच वर्गातल्या कुणीतरी तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी वाचायला थांबलेलं असायला हवं.